साखरेची चौकशी आणि माणसाची चौकशी

‘घरांत कोणाला साखर निघाली आहे काय?’ असा प्रश्न हल्लीं कोणत्याही सुशिक्षित कुटुंबांत विचारला, तर उत्तर देतांना बोटें मोजावीं लागतात. कोणाचे सासरे, कोणाची थोरली जाऊ, कोणाचा अवघा चाळिशीचा दीर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून देशांत मधुमेही सुमारें १० कोटी १० लक्ष आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर आलेले सुमारें १३ कोटी ६० लक्ष असल्याचा अंदाज निघाला. रोग इतका घरोघर झाला म्हणजे त्याची भीति जाते, आणि भीतीबरोबर जिज्ञासाहि जाते. ‘गोड बंद करा, गोळी घ्या, फिरावयास जा’ या तीन आज्ञांत सारें मधुमेहशास्त्र आटोपलें, असें आपण समजूं लागतों. आमच्या मतें या रोगांत जो अनर्थ होतो, तो पुष्कळ अंशीं या समजुतीमुळेंच होतो. यास्तव या वेळीं मधुमेह्याची पाहणी कशी व्हावी व त्याला शिकवावें कसें, या दोन गोष्टींचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या दोन दिसतात खऱ्या. परंतु त्या एकाच वाटेचे दोन टप्पे आहेत, असें वाचकांस आढळून येईल.

येथें आम्हांस दुसऱ्या प्रकारचा मधुमेह अभिप्रेत आहे. पहिल्या प्रकारांत स्वादुपिंडांतून इन्शुलिन जवळजवळ निघेनासें होतें. तो बहुधा लहान वयांत प्रकट होतो, आणि इन्शुलिनच्या टोचणीवांचून त्या रोग्याचा निर्वाह नाहीं. दुसऱ्या प्रकारांत इन्शुलिन असतें; पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाहीं, आणि कालांतरानें त्याचा पुरवठाहि घटत जातो. हा रोग सावकाश येतो, दुखत नाहीं, आणि म्हणूनच कित्येकदां वर्षानुवर्षें ध्यानांत येत नाहीं.

सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे ‘सहज’ आणि ‘अपथ्यनिमित्तज’ असे दोन भेद केलेले आहेत. पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल, बहुभोजी आणि बसून-निजून राहणारा, असें वर्णन आहे. रोगाबरोबर रोगीहि पाहावा, ही दृष्टि त्यांत स्पष्ट दिसते. मात्र आपल्या लोकांपुरती त्या वर्णनास एक पुस्ती जोडणें अवश्य आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत स्वतःचेंच उदाहरण देऊन दाखविलें कीं, उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि अगदीं सारखा, म्हणजे २२.३ होता, परंतु मेदाचें प्रमाण युडकिन यांच्या शरीरांत शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरांत शेंकडा २१.२ भरलें! बाहेरून सडपातळ दिसणारा आपला मनुष्य आंतून मेदयुक्त असूं शकतो, असा याचा अर्थ. तेव्हां ‘आमच्या घरांत कोणी लठ्ठ नाहीं’ या समाधानावर कोणी निर्धास्त राहूं नये. वजनकांट्याबरोबर शिंप्याची फीतहि घ्यावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांहून अधिक असणें आपल्या लोकांत धोक्याचें समजतात.

आतां तपासणीकडे वळूं. उपाशीपोटीं शंभर मिलिलिटर रक्तांत १२६ मिलिग्रॅम वा अधिक साखर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनीं २०० वा अधिक, अथवा ‘एचबीएवन्सी’ शेंकडा ६.५ वा अधिक, यांवरून मधुमेह ठरतो. लक्षणें नसतील तर एकाच आंकड्यावर न विसंबतां पुन्हा तपासून खात्री करून घेतात. यांपैकीं तिसरी तपासणी नीट समजून घेण्याजोगी आहे. तांबड्या रक्तपेशीचें आयुष्य सुमारें चार महिन्यांचें असतें. तेवढ्या अवधींत तिच्यांतील हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते, तिच्यावरून मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरीचा अदमास येतो. तपासणीच्या आधीं दोन दिवस कडक पथ्य पाळून उपाशीपोटींचा आंकडा सुधारतां येईल; ही वही मात्र ऐन वेळीं खाडाखोड करून सजवितां येत नाहीं. तथापि तिलाहि मर्यादा आहे. लोहाच्या अभावीं अंगांत रक्त कमी असेल, तर हा आंकडा असावयास हवा त्याहून अधिक येऊं शकतो. आणि आपल्या स्त्रियांत ही तक्रार किती आढळते, हें सांगावयास नको.

पण ही सारी झाली साखरेची चौकशी. माणसाची चौकशी याच्या पुढें सुरू होते. रोग ठरला त्याच वेळीं आणि पुढें साधारणतः प्रतिवर्षीं डोळ्यांत औषध घालून, बाहुली मोठी करून, आंतला पडदा तपासला पाहिजे. मूत्रांतील अल्ब्युमिन आणि रक्तांतील क्रिएटिनिन पाहून मूत्रपिंडांची स्थिति जाणली पाहिजे. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांकडे साखरेइतकेंच लक्ष दिलें पाहिजे; कारण मधुमेह्याच्या हृदयास होणारा अपाय केवळ साखरेनें होत नाहीं. आणि पावलें पाहिलीं पाहिजेत, तीं जोडे-मोजे काढून. पावलाच्या तळव्याला नायलॉनचा एक बारीक तंतु दहा ग्रॅम दाबानें टेंकवितात आणि डोळे मिटून बसलेल्या रोग्यास ‘लागलें का?’ असें विचारतात. परीक्षा दोन मिनिटांची. परंतु ज्या पावलाला हा स्पर्श कळत नाहीं, त्याला खडा, खिळा आणि चटकाहि कळत नाहीं. पाय गमावण्याचा प्रसंग येतो तो पुष्कळदां अशाच एका न कळलेल्या जखमेपासून.

इतकें करूनहि चौकशी अपुरी राहते ती कशी, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. एक गृहिणी डोळ्यांसमोर आणा. तिला आपण काकू म्हणूं. वय अठ्ठावन्न, मधुमेह होऊन सात वर्षें झालेलीं. घर मोठें, मुलगे मिळवते, सुना शिकलेल्या, औषधाची वाण नाहीं. तरीहि एचबीएवन्सी ९. मुलगा डॉक्टरांना सांगतो, “आई गोडाला शिवत नाहीं, गोळ्या वेळेवर घेते; तरी साखर कां वाढते, कळत नाहीं.” डॉक्टर घाईंत असले तर गोळी वाढवितात. त्यांस दोष देतां येणार नाहीं; हातांतला आंकडा त्यांना तेंच सांगत असतो.

आतां तेच डॉक्टर पंधरा मिनिटें अधिक बसले, मुलाला क्षणभर बाहेर थांबावयास सांगून काकूंशीं बोलले, असें समजा. ‘गोळ्या नियमित घेतां ना?’ या प्रश्नाचें आपल्याकडे एकच उत्तर असतें, तें म्हणजे ‘हो.’ म्हणून ते तसें विचारीत नाहींत. ते म्हणतात, “काकू, रोजच्या रोज गोळी घेणें सर्वांनाच जड जातें. आठवड्यांत साधारण किती वेळां राहते?” काकू पदराशीं चाळा करीत सांगतात, “सकाळची चुकवीत नाहीं हो. रात्रीची मात्र अर्धीच घेतें. एकदां पुरी लागली कीं मग जन्मभर सुटत नाहीं, असें म्हणतात.” नंतर ते ‘पथ्य पाळतां ना?’ असेंहि विचारीत नाहींत; “काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय पोटांत गेलें, तें क्रमानें सांगा,” असें म्हणतात. तेव्हां कळतें तें असें: चहा चार वेळां, आणि प्रत्येक वेळीं साखर ‘अर्धाच’ चमचा. जेवण सर्वांच्या मागून, दुपारीं दोनच्या पुढें. पातेल्यांत उरलेला भात टाकावयाचा कसा, म्हणून तो आपल्या पानांत. सोमवारीं उपवास, त्या दिवशीं दुपारपर्यंत चहाखेरीज कांहीं नाहीं, मग साबुदाण्याची खिचडी. “उपवासाच्या दिवशीं अकराच्या सुमारास हात कांपतात, दरदरून घाम येतो, पण उपवास म्हटला कीं एवढें व्हायचेंच,” असें त्या सहज सांगून जातात. पायांना मुंग्या येतात, म्हणून निजतांना गरम पाण्याची पिशवी पायांशीं घेतात, हेंहि त्याच ओघांत निघतें.

वाचकांनीं या उत्तरांचा विचार करावा. सकाळची गोळी जर ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या वर्गांतील असेल, तर ती स्वादुपिंडांतून इन्शुलिन काढावयास लावते, मग पोटांत अन्न असो वा नसो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास साखर फार उतरण्याचा प्रसंग क्वचित् येतो. या वर्गांतील गोळ्यांनीं व इन्शुलिननें तो येऊं शकतो. काकूंचा सोमवारचा कांप हा उपवासाचा नव्हता. तो साखर खालीं गेल्याचा इशारा असण्याचा पुरा संभव होता. अशा स्थितींत आंकड्याकडे पाहून तीच सकाळची गोळी वाढविली असती, आणि मुलानें पाण्याचा पेला घेऊन समोर उभें राहून ती घ्यावयास लावली असती, तर पुढच्या सोमवारीं काकू स्वयंपाकघरांतच कोसळल्या असत्या. डॉक्टर चांगले, औषध चांगलें, मुलगा मातृभक्त. आणि तरीहि जीवावरचा प्रसंग! त्याचें कारण एवढेंच कीं, खरी हकीकत कोणाच्या कानीं गेली नव्हती.

ती कां गेली नव्हती, हा प्रश्न आम्हांस वैद्यकाहून गृहस्थितीचा वाटतो. मधुमेह झालेल्या माणसाचें आपल्या घरांत काय होतें, हें पाहा. त्याचा हात पेढ्याकडे गेला कीं दोन दिशांनीं ‘साखर! साखर!’ असा गजर होतो. तपासणीचा कागद आला कीं नापास झालेल्या मुलाचें प्रगतिपुस्तक वाचावें तसा तो चारचौघांत वाचला जातो. चार पाहुण्यांदेखत त्याच्या ताटांतील जिलेबी उचलण्यांत प्रेम आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जेथें रोगी आरोपी होतो, तेथें साक्ष खोटीच मिळावयाची. मग अर्धी गोळी, चोरून खाल्लेला लाडू, पायाला झालेला फोड या गोष्टी लपविण्याची संवय लागते, आणि लपविलेल्या गोष्टींवर उपचार करण्याची विद्या कोणत्याच वैद्याजवळ नाहीं.

यावरून शिक्षणाची पहिली पायरी कोणती, तें उघड आहे. सांगण्यापूर्वीं विचारावें. रोग्यास या रोगाविषयीं काय ठाऊक आहे, त्याला कशाची भीति वाटते, कोणती गोष्ट जमणार नाहीं असें वाटतें, हें आधीं त्याच्या तोंडून ऐकावें. काकूंची भीति ‘गोळी लागली कीं सुटत नाहीं’ ही होती. तिच्यावर व्याख्यान देऊन उपयोग नाहीं. गोळी हें व्यसन नव्हे, आहार-व्यायामानें वजन उतरल्यास कित्येकांचें औषध डॉक्टरांस कमी करतां येतें, उलट अर्धी गोळी घेतल्यानें तें वाढतें, एवढेंच समजावून द्यावें. इन्शुलिनविषयीं तर घरोघर याहूनहि मोठी धास्ती आहे. ११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरोंटो येथें लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला मधुमेहावर इन्शुलिनची पहिली टोचणी दिली गेली, आणि ज्या रोगांत मुलें हटकून दगावत त्यांत तीं वांचूं लागलीं. अशा औषधाला आपण ‘शेवटचा उपाय’ म्हणून भितों, हें नवल होय.

दुसरी पायरी, एका वेळीं एकदोनच गोष्टी सांगाव्या. पथ्याचा लांबलचक छापील कागद भिंतीवर लागतो आणि तेथेंच राहतो. काकूंच्या बाबतींत पहिल्या महिन्याला तीन गोष्टी पुरे होत्या: चहा बिनसाखरेचा, जेवण वेळेवर, आणि उपवासाच्या दिवशींचें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें. उपवास करावा कीं न करावा, हा ज्याचा त्याचा श्रद्धेचा प्रश्न आहे. पण करावयाचा तर गोळीची वेळ आणि मात्रा आधीं विचारून घेतलीच पाहिजे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ आहे, तेव्हां ‘उपवासाचें हलकें’ म्हणून तो मधुमेह्यास हलका होत नाहीं. गूळ आणि मध यांविषयींहि असाच भ्रम आहे. त्या साखरेच्याच बहिणी होत.

ताटाविषयीं एक सोपें माप आहे. अर्ध्या ताटांत पालेभाजी, फळभाजी व कोशिंबीर. पाव ताटांत घट्ट वरण, उसळ किंवा पिठलें. उरलेल्या पावांत पोळी अथवा भात. पोळी, वर भात आणि तोंडीं लावावयास बटाट्याची भाजी, हा तिहेरी पिष्टाचा बेत रोज नको. भात वर्ज्य करा असें आम्ही म्हणत नाहीं. वाढतांना डावानें अंदाज न करतां वाटीनें मोजावा, एवढेंच म्हणतों.

तिसरी पायरी, सांगितलेलें पुन्हा वदवून घ्यावें. ‘समजलें ना?’ या प्रश्नालाहि उत्तर ‘हो’ हेंच येतें. त्याऐवजीं “मी नीट सांगितलें कीं नाहीं तें पाहूं द्या, आतां घरीं जाऊन काय करणार, तें तुम्हीच मला सांगा,” असें म्हणावें. इन्शुलिन घेणाऱ्याकडून तर टोचणी समक्ष भरवून पाहावी. आपल्याकडे एका मिलिलिटरांत ४० युनिटें असलेल्या बाटल्या मिळतात, तसें १०० युनिटांचें इन्शुलिनहि मिळतें. चाळिसाच्या बाटलीस चाळिसाचीच पिचकारी हवी आणि शंभराला शंभराचीच. येथें अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते.

घरांतील प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असावी, अशी एक गोष्ट आहे. कांप, घाम, धडधड, एकाएकीं भूक, बोलण्यांत असंबद्धता, अशीं लक्षणें दिसलीं आणि साखर ७० च्या खालीं असली, किंवा मोजण्यास साधन नसलें, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यांत घालून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांनीं पुन्हा मोजावी. न सुधारल्यास पुन्हा द्यावी. बरें वाटल्यावर कांहीं खावयास द्यावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहींहि न घालतां तांतडीनें रुग्णालय गांठावें. ‘मधुमेह्याला साखर कशी द्यावयाची?’ म्हणून घरांतील मुलें या वेळीं थबकतात. त्यांना हें आधींच शिकवून ठेवावें.

पायांविषयीं नियम थोडे आहेत, पण ते रोजचे आहेत. रात्रीं निजण्यापूर्वीं तळवे आणि बोटांच्या बेचकी उजेडांत पाहाव्या. स्वतःस वांकतां येत नसेल तर नातवंडाचे डोळे उसने घ्यावे. घरांतहि मऊ चपला घालाव्या. भर दुपारीं देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालूं नये. गरम पाण्याची पिशवी पायांस वर्ज्य समजावी. ज्या पायास ऊब कळत नाहीं त्यास भाजलेलेंहि कळत नाहीं. भोंवरी पात्यानें घरीं कापूं नये. आणि मुंग्यांचा सारा दोष मधुमेहावर टाकण्यापूर्वीं बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत तें घटूं शकतें. वनस्पतींतून तें मिळत नाहीं, दुधादह्यांतून थोडेंच मिळतें, आणि म्हणून शाकाहारी घरांत तें आधींच बेताचें असतें.

एक सूचना वृद्धांविषयीं. एचबीएवन्सी शेंकडा ७ च्या खालीं असावी, हा सामान्य दंडक आहे. परंतु ऐंशीच्या घरांतील, अशक्त झालेल्या, पडण्याची भीति असलेल्या आजोबांस त्याच मापानें जोखूं नये. तेथें ८ च्या आसपासहि डॉक्टर समाधान मानतात, कारण साखर एकाएकीं उतरून हाड मोडणें हें अधिक वाईट.

राहतां राहिला घराचा प्रश्न. ‘आईचें पथ्याचें वेगळें’ ही व्यवस्था वरकरणीं प्रेमाची, परंतु फार दिवस न टिकणारी होय. वास्तविक आईला हा रोग झाला तेव्हां तिच्या मुलाबाळांनाहि त्यानें सूचना दिली आहे. अमेरिकेंत झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत, उंबरठ्यावरच्या ज्या लोकांस वजन शेंकडा सात उतरविण्याचें आणि आठवड्यास दीडशें मिनिटें चालण्यासारखा व्यायाम करण्याचें उद्दिष्ट नेमून दिलें, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. तेव्हां घट्ट वरण, मोजका भात, बिनसाखरेचा चहा आणि सायंकाळचा फेरफटका हें एकट्या काकूंचें पथ्य नसून साऱ्या घराची शिस्त व्हावी. रोग्याला एकटें पाडून त्याच्यावर पहारा ठेवण्यापेक्षां त्याच्याबरोबर चालणें सोपें आणि अधिक फलदायी आहे.

पुढील अंकीं उपवासाच्या पदार्थांचा सविस्तर विचार करूं. तोंवर, ज्या घरांत मधुमेही गृहिणी आहे, तेथील मंडळींनीं दोन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंति आहे. तिला एकदां निवांतपणें, न रागावतां, काल दिवसभर काय खाल्लें आणि कोणती गोळी राहिली, तें विचारावें. उत्तर कांहींहि आलें तरी कपाळास आंठी न घालतां ऐकावें. आणि तिचें पान पहिल्या पंगतींत, सर्वांबरोबर मांडावें. उरलेल्या भाताची व्यवस्था घरांतील तरुणांनीं करावी.